जतन होतं, उघडत नाही

अकरा दिवस मी लॅपटॉप बंद केला नव्हता.
चाचणी आवृत्तीची अट साधी होती:
हवं ते रचा, हवं तितकं जतन करा,
फक्त जतन केलेलं पुन्हा उघडता येणार नाही.
म्हणून तांदळाच्या गोणीवर, पंख्याच्या वाऱ्यात,
तापकऱ्यासारखं ते यंत्र मी जागं ठेवलं.
आई म्हणाली, चाउसिकू,
रात्री जन्मलीस म्हणून हे नाव ठेवलं,
रात्रभर जागावंस म्हणून नव्हे.

टांडालेत ठेक्याला घाई असते.
मिनिटाला दोनशे दहा.
त्याखाली उतरलं की लोक विचारतात,
कोण वारलं?

बाराव्या सकाळी धाकट्या मकामेनं
शाळेचा सदरा इस्त्रीखाली घेतला.
आमची वीज आधी पैसे, मग उजेड अशी.
मीटर टिटवीसारखा ओरडला, तीनदा,
आणि घर गप्प झालं.
लॅपटॉपची बॅटरी गेल्या रमजानातच गेलेली.
मकामे अर्धा कडक, अर्धा चुरगळलेला सदरा घालून गेला.
मी त्याला काही बोलले नाही.
बोलले, पण तो गेल्यावर, भिंतीला.

मग गल्लीभर सल्ले.
शोमारी म्हणाला, कुलूप फोडलेली प्रत घे,
सगळे तीच वापरतात, पेनड्राइव्हवर देतो.
वापरली होती रे बाबा.
लग्नाच्या रात्री नवरीचा मामा नाचायला उतरला
आणि पडद्यावर चौकट आली: ही प्रत अस्सल नाही.
मामा अस्सल होता, त्याचा घाम अस्सल होता,
एक पाय हवेत धरून तो तसाच थांबला.

मोठ्या रस्त्यावरच्या स्टुडिओत किटवाना बसतो.
त्याच्याकडचं सॉफ्टवेअर दोन पडद्यांवर पसरतं,
घंटाच एकशे चाळीस, आणि कुठल्याशा थंड देशातल्या
चर्चचा घुमारा.
मला आमच्या मोरीचा घुमारा हवा होता.
किंमत विचारली तर त्यानं डॉलरमध्ये सांगितली,
शिलिंगांत सांगायला तोच लाजला.

शेवटी घेतलं ते करडं,
सरकारी अर्जासारखं दिसणारं,
माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला न धापवता चालणारं.
घेतलं म्हणजे उधारीवर.
ते रोज उघडताना विचारायचं, पैसे दिलेस?
मी म्हणायची, नाही.
मग पाच सेकंद थांब, म्हणायचं,
आणि काल ठेवलेलं सगळं
जसंच्या तसं हातात द्यायचं.
एवढंच तर हवं होतं मला.
वाण्यापेक्षा ते बरं,
आईसमोर कधी विषय काढला नाही.

मिसळण शिकले झुबेरीकाकांच्या रिक्षात.
तिला इथे बजाजी म्हणतात.
डावा स्पीकर फाटका, उजवा उगाच मोठ्या तोंडाचा.
ढोल पोचतो का ते सीटखालच्या पत्र्याला विचारायचं,
गाणाऱ्याचा शब्द कळतो का ते
मागे बसलेल्या मासळीवालीला.
ती म्हणाली, सगळेच ओरडले
तर भाव कुणाचा ऐकू?
त्या रात्री मी नऊ पट्ट्या बंद केल्या.

गेलेला ठेका आठवून पुन्हा बांधला.
आला नाही तसा.
दुसराच आला, थोडा लंगडा,
मधे एक जागा रिकामी.
तिथं मीटरचं ओरडणं घातलं, फोनवर टिपलेलं, तीनदा.

तीन ठेके विकले तेव्हा उधारी फेडली.
आता ते काही विचारत नाही, लगेच उघडतं.
माझा हात मात्र अजून
पाच सेकंद थांबतो.

शनिवारी गल्लीत तो ठेका पहिल्यांदा वाजला.
खुर्च्या मागे सरल्या, धूळ उठली,
मामासुद्धा आला होता, दोन्ही पाय घेऊन.
मग ती जागा आली.
टिटवी तीनदा ओरडली
आणि निम्म्या बायका नाचता नाचता
घराकडे धावल्या, मीटर बघायला.
आईसुद्धा.
मीसुद्धा.